सगळ्यांचे चौऱ्याहत्तर सेकंद

त्या सभेत मी "मोजून बघू या" असं म्हणालो नसतो, तर पुढचे अडीच महिने माझे सुखात गेले असते, बायको माझ्याशी नीट बोलली असती आणि मेजरसाहेब फाइल घेऊन माझ्या दारात उभे राहिले नसते. पण म्हणालो खरा.

विषय लिफ्टचा होता. आमच्या इमारतीला मजले सात आणि लिफ्ट एक. तिच्यात माणसं मावतात सहा, निदान पाटीवर तसं लिहिलंय. दातांचे डॉक्टर आत असले की पाच. लिफ्टची जुनी कंट्रोल-पेटी जळाली म्हणून मेकॅनिकने नवी बसवली, आणि या नव्या पेटीत एक सोय निघाली. रोज एक तास कोणत्याही एका मजल्याला 'पहिला मान' देता येत होता. त्या तासात त्या मजल्यावरून कोणी बटन दाबलं, की रिकामी झालेली लिफ्ट वाटेत कुठेही न रेंगाळता आधी तिकडे जाणार. मजला एकदाच ठरवायचा, लिफ्ट-तपासणी कार्यालयाची मंजुरी आणायची, मग ते पेटीला सील ठोकणार आणि वर्षभर तिला कोणी हात लावायचा नाही.

एवढं सांगून मेकॅनिकने पाना-पक्कड आवरली आणि तो निघून गेला. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. अनुभवी माणूस होता.

तास कोणता, यावर वाद नव्हता. सकाळी आठ ते नऊ. मजला कोणता, यावर सभा दोन तास चालली. सातव्या मजल्याचं म्हणणं, आम्ही सगळ्यात उंच. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आम्हीही माणसंच आहोत. सहाव्या मजल्यावरचे मेजरसाहेब सैन्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून सेवेत आहे. ते म्हणाले, "उंचावरची चौकी आधी!" सातव्याने त्यांना आठवण करून दिली की त्यांच्याही वर एक चौकी आहे. चौथ्या मजल्याने आमच्याकडे जुळी मुलं आहेत असं सांगितलं, तेव्हा कोणीतरी विचारलं, "ती गेल्या वर्षी पदवीधर झाली तीच ना?"

तेव्हा मी उठलो. माझी नोकरी वजन-मापे कार्यालयात. अठ्ठावीस वर्षं मी बाजारातले तराजू तपासतोय. मी दुकानात पाऊल टाकलं की भलेभले दुकानदार उगाचच वजनं पुसायला घेतात. माणसं अंदाजावर भांडायला लागली की मला राहवत नाही. हा माझा स्वभावदोष समजा किंवा खात्याचा.

"मोजून बघू या," मी म्हणालो. "कोणत्या मजल्यावर माणूस किती वेळ थांबतो, ते दोन आठवडे लिहून काढू. जो जास्त थांबतो त्याला मान."

आमचे अध्यक्ष म्हणजे हेच दातांचे डॉक्टर. सुई टोचण्याआधी बोलतात तशा मऊ आवाजात ते म्हणाले, "मग ते तुम्हीच करा."

मी प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी दोरीने एक वही टांगली. रकाने पाच: तारीख, वेळ, कोणतं बटन दाबलं (वर की खाली), किती सेकंद थांबलात, आत शिरता आलं का. याहून सोपं काय असणार? पण सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरून सूचना आली की सहावा रकाना 'मनःस्थिती'चा हवा. दुसऱ्याने विचारलं, सेकंद मोजायचे कसे, नाडीवर चालेल का. सातव्या मजल्यावरच्या वकिलांनी सेकंदांच्या रकान्यात तीन दिवस "असह्य" असं लिहिलं. चौथ्याच्या वहीत एकाने "पाणी कधी येणार?" असं विचारलं होतं आणि त्याखाली तिघांनी तीन वेगळ्या वेळा दिल्या होत्या. दोन आठवड्यांत नऊ पेनं गेली. त्यातलं एक मला नंतर अध्यक्षांच्या खिशाला दिसलं, पण मी गप्प बसलो. मोठ्या कामात असं चालायचंच.

मध्येच अग्निसुरक्षेचा अधिकारी येऊन गेला. लिफ्टच्या दाराजवळ कागद टांगायला मनाई आहे म्हणाला. मी परवानगीचा अर्ज केला, दोन खेपा घातल्या आणि परवानगी मिळवली. तिच्या खाली बारीक अक्षरांत अट होती: सदर परवानगीची प्रत लिफ्टच्या दाराजवळ टांगून ठेवावी.

फक्त पाचव्या मजल्याची वही बघून मला समाधान वाटायचं. तिथे नकाशेबाई राहतात. उभा जन्म त्यांनी भूमापन कार्यालयात नकाशे काढले, म्हणून हे नाव. वय सदुसष्ट, गेल्या वर्षी कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी. त्यांच्या नोंदी मोत्यांसारख्या: आठ वाजून चार मिनिटे, खाली, दोनशे बारा सेकंद, नाही. आठ वाजून आठ मिनिटे, खाली, दोनशे एकोणचाळीस सेकंद, नाही.

दोन आठवड्यांनी मी वह्या सोडल्या. बायकोने वाचायचं आणि मी टंकायचं, असं करत रविवारच्या तीन दुपारी गेल्या. एकूण ओळी एक हजार आठशे बेचाळीस. त्या घेऊन मी तपासणी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने गठ्ठ्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"साहेब कोष्टक बघत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना आलेख लागतो. मजल्याप्रमाणे खांब. एक उंच, एक ठेंगणा. बघितलं की कळलं पाहिजे."

मग मला माझी भाची आठवली. ती दुसऱ्या गावी असते आणि कंपन्यांना अशा आकड्यांतून आलेख काढून देते. तिने दूर बसूनच माझ्या लॅपटॉपमध्ये ते सॉफ्टवेअर घातलं आणि व्हिडिओ कॉलवर अर्धा तास शिकवलं. "मामा, दोनच गोष्टी लक्षात ठेव," असं म्हणून तिने दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक माझ्या लक्षात राहिली.

वरच्या पट्टीवर दोन बटनं शेजारी शेजारी होती. एक 'न्यू कॉलम', दुसरं 'न्यू मेझर'. कॉलम म्हणजे रकाना, आणि रकान्यांत तर माझं आयुष्य गेलंय. मी ते दाबलं. सेकंदांना साठने भागून मिनिटं काढायचं सूत्र लिहिलं, आणि काय सांगू! एका क्षणात एक हजार आठशे बेचाळीस ओळींत मिनिटं भरून आली. प्रत्येक ओळीचा हिशोब त्या त्या ओळीत. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता भाजी चिरता का?"

त्याच हुरुपात मी पुढचा कॉलम केला: सरासरी. सगळ्या ओळींत आकडा आला, चौऱ्याहत्तर. वरपासून खालपर्यंत चौऱ्याहत्तरच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सरासरी एकच असायची. मग मजल्याप्रमाणे आलेख काढला. आधी खांब आभाळाला भिडले, कारण ते यंत्र प्रत्येक ओळीतल्या चौऱ्याहत्तरांची बेरीज मारत सुटलं होतं. एका कोपऱ्यात 'बेरीज'च्या जागी 'सरासरी' निवडलं आणि खांब खाली आले. सातही खांब एकाच उंचीचे, अगदी कवायतीला उभे केल्यासारखे.

मी भारावून गेलो. बाहेर एवढी भांडणं, आणि प्रत्यक्षात सातही मजले अगदी सारखेच थांबत होते.

सभेत मी तो आलेख भिंतीवर दाखवला आणि पाच मिनिटं बोललो. माणसाच्या दुःखाचं माप सारखंच असतं, असंही एक वाक्य बोललो. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, सगळे सारखेच थांबतात तर चिठ्ठ्या टाकू. सात चिठ्ठ्या केल्या, मेजरसाहेबांच्या टोपीत टाकल्या, वकिलांनी डोळे मिटून एक काढली. तिसरा मजला.

तिसऱ्या मजल्यावर मी राहतो.

सभागृहात जी कुजबूज सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. "आलेख यांचाच." "वह्याही यांनीच गोळा केल्या." "वजन-मापेवाले, त्यांना काय अवघड!" ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षांत दुकानदाराच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही, त्याच्याबद्दल हे बोलत होते! एकटी बायको खूश होती. तिची ग्रंथालयातली नोकरी साडेआठची. अध्यक्षांनी तिसऱ्या मजल्याचा अर्ज माझ्याच सहीने तपासणी कार्यालयात धाडला; आता मंजुरी आली की लिफ्ट तिच्यासाठी धावत येणार होती.

बाहेर पडताना नकाशेबाईंनी मला थांबवलं. रागावल्या नव्हत्या, नकाशात एखादी नदी चढावर वाहताना दिसावी तशा बघत होत्या.

"मी रोज तीन-चार मिनिटं थांबते," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत लिहिलंय. मग ती मिनिटं तुमच्या आलेखात कुठे गेली?"

"ती सरासरीत आहेत, बाई."

"ते कळलं. पण माझा खांब थोडा तरी वर यायला हवा ना? आणि मी तर फक्त आठ ते नऊचं विचारतेय."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. आता कोणी काही सिद्ध करा म्हणत नव्हतं, पण मलाच चैन पडेना. एवढ्या सेकंदांचं झालं काय? मी बाजूच्या यादीतून फक्त पाचवा मजला निवडला. आकडा चौऱ्याहत्तर. वेळेच्या पट्टीवर फक्त आठ ते नऊ ठेवलं. चौऱ्याहत्तर. फक्त मंगळवार. चौऱ्याहत्तर. शेवटी एक दिवस, एक तास, एक मजला करत करत नकाशेबाईंची एकच ओळ समोर उरली. तिच्यात सेकंद दोनशे एकोणचाळीस, आणि त्याच ओळीत शेजारी सरासरी चौऱ्याहत्तर. एका माणसाची सरासरी त्याच्याहून वेगळी! आमच्या खात्यात असा काटा सापडला असता तर मी जागेवर जप्त केला असता.

भाचीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तू ते कॉलममध्ये केलंस. ते मेझरचं काम होतं. मी सांगितलेली दुसरी गोष्ट तीच."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मेजरचं काम? ते काय सांगणार यातलं?"

मी हाताने गप्प बस म्हणून खूण केली. भाची सांगत होती, "कॉलम प्रत्येक ओळीत एकदाच लिहिला जातो. माहिती भरतेवेळी. तू सूत्रात म्हणालास, सगळ्या तक्त्याची सरासरी काढ. त्याने ती काढली आणि प्रत्येक ओळीच्या कपाळावर लिहून टाकली. आता तू काहीही निवड, ते लिहिलेलं बदलणार नाही. मेझर कुठेच लिहिलेला नसतो."

"म्हणजे असतो कुठे?"

"कुठेच नसतो. फक्त सूत्र असतं. तू पाचवा मजला, आठ ते नऊ असं निवडलंस, की समोर जेवढ्या ओळी उरतात तेवढ्यांवरून तो त्या क्षणी मोजतो. दुसरं निवडलंस की पुन्हा मोजतो. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं."

मी फोन ठेवला. हे तर मला माहीत होतं! आम्ही लोखंडी वजनावर वर्षातून एकदा शिक्का मारतो, मग ते गावभर कुठेही न्या, शिक्का तोच. आणि तराजू? त्याचं स्वतःचं काहीच नसतं. पारड्यात आत्ता जे आहे तेवढंच तो सांगतो आणि पारडं उचललं की विसरतो. मी अठ्ठावीस वर्षं दोन्ही वस्तू हाताळल्या आणि आकड्यांच्या बाबतीत तराजूचं काम शिक्क्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. मेजरसाहेब. छाती पुढे, काखेत फाइल.

"वहिनींनी सांगितलं," ते म्हणाले. "तुमच्या भाचीचं म्हणणं पडलं की हे काम मेजरचंच आहे. मुलगी हुशार दिसते. बोला, कुठे अडलंय?"

आता त्यांना काय सांगणार? मी चहा ठेवला. मेजरसाहेबांनी फाइल उघडून सहाव्या मजल्याचं संरक्षणदृष्ट्या महत्त्व तीन पानांत मांडलेलं दाखवलं. ते गेल्यावर बायको म्हणाली, "एवढी मदत करायला आले आणि तुम्ही तोंड एवढंसं करून बसलात!"

मी मेझर शिकलो. सरासरी सेकंदांचा मेझर केला आणि सात खांब सात उंचींवर गेले. मला ते दृश्य इतकं आवडलं की मी एकेक मजला निवडून आकडा हलताना नुसता बघत बसायचो. दिवसभराचं बघितलं तर सातवा मजला सगळ्यात जास्त थांबत होता. आठ ते नऊ निवडलं की सातवा खाली बसायचा आणि पाचवा उसळी मारायचा: दोनशे एकतीस सेकंद. एकच माहिती, एकच सूत्र, आणि उत्तरं दोन. दोन्ही खरी!

इथे थांबलो असतो तर बरं. पण शहाणपण चढलं की उतरत नाही. मला वाटलं, आता 'लिफ्टमध्ये शिरता न आलेल्यांचं प्रमाण'ही काढावं. मी प्रत्येक मजल्याची रोजची एकेक ओळ केली, त्या त्या दिवसाचे टक्के कॉलममध्ये काढले, आलेखात ओढले आणि छापून थेट तपासणी कार्यालयात गेलो. कारकुनाने आलेख पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

"पाचवा मजला, आठशे एकतीस टक्के," तो म्हणाला. "म्हणजे शंभर माणसं थांबली तर आठशे एकतीस माणसांना जागा मिळाली नाही?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"तुम्ही कुठे नोकरीला असता?" कारकुनाने विचारलं.

"सरकारी नोकरीत," मी म्हणालो. खातं सांगायची हिंमत झाली नाही.

फोनवर भाचीला हसू आवरेना. "मामा, चौदा दिवसांच्या टक्क्यांची बेरीज झाली ती."

"मग सरासरी घेतो."

"तीही नको. हे बघ, सोमवारी वीस जण थांबले, दोघांना जागा मिळाली नाही. दहा टक्के. रविवारी एकच माणूस थांबला आणि त्यालाच मिळाली नाही. शंभर टक्के. दोन्हींची सरासरी पंचावन्न. पण खरं तर एकवीस जणांत तिघांना मिळाली नाही, म्हणजे फक्त चौदा. आधी माणसं मोज, मग भाग. तेही विचारल्या क्षणी."

"म्हणजे मेझर."

"म्हणजे मेझर. आणि आता सगळंच मेझर करत सुटू नकोस."

हे तिला कसं कळलं कोण जाणे. मी सकाळ-दुपार-संध्याकाळसुद्धा मेझरमध्ये बसवायचा प्रयत्न करून लाल अक्षरांतला ओरडा खाऊन बसलो होतो. "ती प्रत्येक नोंदीची स्वतःची गोष्ट आहे," ती म्हणाली. "आठ वाजून चार मिनिटं ही सकाळच राहणार, तू काहीही विचार. ते कॉलममध्ये. ज्याने गाळायचं तो कॉलम, गाळून उरलेल्याचं जे मोजायचं तो मेझर. दोघंही लागतात."

या वेळी पाचव्याचे एकसष्ट टक्के आले. आठ ते नऊमध्ये एकोणसाठदा माणूस थांबला, त्यात छत्तीसदा लिफ्ट भरलेली. आणि आमचा तिसरा मजला? चाळीसपैकी दोन. पाच टक्के.

खरी गंमत मला इथे दिसली. सात-सहाकडून भरून आलेली लिफ्ट पाचव्याला घेत नाही, मग ती त्याच्या खाली असलेल्या तिसऱ्याला कशी घेते? ही तर अशक्य गोष्ट. मी तिसरा मजला निवडला, आठ ते नऊ निवडलं आणि मग सहज, काय होतं ते बघू म्हणून, बटनाच्या रकान्यात 'खाली' निवडलं. ओळी दोन. 'वर' निवडलं. ओळी अडतीस.

सकाळी आठ वाजता तिसऱ्या मजल्यावरची अडतीस माणसं वर कशाला गेली असतील? वर तर गच्ची, आणि गच्चीला कुलूप. मी स्वतः पोट कमी करायचं म्हणून जिने उतरतो, मला लिफ्टमधलं काहीच माहीत नाही. मी बायकोला विचारलं, "अगं, सकाळी आठला आपल्या मजल्यावरून वर कोण जातं?"

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खाली."

"वर जाऊन?"

"अहो, लिफ्ट वर जाताना रिकामी असते. तेव्हाच शिरायचं. सातव्यापर्यंत जायचं आणि तिच्यातूनच खाली यायचं. समोरच्या वहिनीही तेच करतात, शेजारची मुलगीही. चौथ्यावाल्यांनी आमचं बघून सुरू केलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तिसऱ्यावरचे तिघं, चौथ्यावरचे दोघं आधीच आत बसून वर जात होते. सातव्यावर एखादाच माणूस शिरायचा, सहावा खेकसत राहायचा, आणि लिफ्ट पाचव्यासमोरून भरलेलीच खाली यायची. आणि पाचव्यावर काठी टेकून उभ्या असलेल्या बाई प्रामाणिकपणे फक्त 'खाली'चं बटन दाबत होत्या, कारण त्यांना खाली जायचं होतं.

"म्हणजे नकाशेबाईंची लिफ्ट आपण अडवतोय," मी म्हणालो.

बायकोच्या हातातला चमचा थांबला. ती वाईट नाही. पण तिचं साडेआठचं ग्रंथालय, आणि चिठ्ठीत आलेला पहिला मान. "तुम्ही हे सभेत सांगणार?" तिने विचारलं.

"आकडा आलाय, तर सांगायला हवा."

"आकडा तुम्ही विचारलात म्हणून आला," ती म्हणाली. तिला नकळत ते अगदी बरोबर बोलून गेली, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

सभेत मी उभा राहिलो. आधीचा आलेख चुकीचा होता, हे पहिलंच वाक्य. मग आठ ते नऊ निवडून दाखवलं, पाचवा खांब वर गेला. 'वर'चं बटन निवडून दाखवलं आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची मंडळी एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली.

"म्हणजे शत्रू आतलाच होता!" मेजरसाहेब गरजले. "तरी मी म्हणत होतो, हे मेजरचं काम आहे."

समोरच्या वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पहिला आलेख परत लावावासा वाटला. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. "पाचव्याला द्या. आम्हाला जिने आहेत." ती माझ्याकडे न बघता बोलली, आणि पुढचा आठवडाभर बघितलंच नाही, पण बोलली. नकाशेबाई काठीवर दोन्ही हात ठेवून आलेखाकडे बघत होत्या. "आता नदी उताराला लागली," एवढंच म्हणाल्या.

तपासणी कार्यालयात मजला बदलायचा अर्ज दिला. चूक कशामुळे झाली ते लिहायच्या जागी तीनच पर्याय होते: टंकलेखनातील चूक, यंत्रातील बिघाड, इतर. मी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, "अर्जदारास समजले नव्हते." कारकुनाने ते दोनदा वाचलं. "पंधरा वर्षांत हे कारण कोणी दिलं नव्हतं," असं म्हणून त्याने शिक्का मारला, आणि पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली.

पेटीला सील लागून दीड महिना झाला असेल. एका सकाळी साडेआठला मी जिने उतरून रस्त्यावर आलो, तर समोर एक छोटी पांढरी गाडी फुर्रफुर्र करत उभी. काच खाली झाली. आत नकाशेबाई, एकट्या.

"वहीत वेळ विचारलीत, सेकंद विचारलेत," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी जाते कुठे, ते नाही विचारलंत."

खरंच विचारलं नव्हतं.

"गाडी शिकायला. सव्वाआठचा वर्ग. सारखी उशिरा पोचायचे म्हणून शिकवणाऱ्याने नाव कमी केलं होतं माझं. म्हणाला, आजी, या वयात कशाला? आता दीड महिना एक दिवस चुकला नाही. काल परवाना मिळाला. चला, बसा, तुमच्या कार्यालयापाशी सोडते."

माझं कार्यालय पायी वीस मिनिटं. मी बसलो. बाईंनी गाडी तीनदा बंद पाडली आणि चौथ्यांदा सुरू केली. मोठ्या चौकातल्या वर्तुळात त्या शिरल्या व्यवस्थित, पण बाहेर पडायला कोणी जागा देईना, आणि कोणाच्या आडवं जायचं नाही हा त्यांचा स्वभाव. आम्ही त्या चौकाला सहा फेऱ्या मारल्या. दर फेरीला बाई मला आजूबाजूच्या इमारती दाखवत होत्या, हा भाग चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः नकाशावर काढला होता म्हणून. बस थांब्यावरचे लोक आधी बघत होते, मग हात हलवायला लागले. पाचव्या फेरीला मीही हात हलवला.

कार्यालयात सव्वीस मिनिटं उशिरा पोचलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी उशिराची नोंदवही पुढे सरकवली. कारणाचा रकाना चांगला लांबरुंद होता. मी पेनाचं टोपण काढलं, थोडा विचार केला आणि खरं तेच लिहिलं: "लिफ्ट मिळाली."